स्ट्रेटनर विकणाऱ्या वंदनाताई

पनवेलच्या बाजारपेठेतल्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वंदनाताई म्हात्रे केस सरळ करायची मशिनं विकत. विकत म्हणजे, आधी न विकण्याचा पुष्कळ प्रयत्न करत. गिऱ्हाईक आत येऊन चांगल्यातलं स्ट्रेटनर दाखवा म्हणालं, की काचेच्या कपाटाला हातही न लावता ताई विचारत, "डोकं कुठं हाय?"

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीच्या पहिल्याच दिवशी. मी बिलाच्या कॉम्प्युटरवर बसले होते. चांगले कपडे घातलेले एक गृहस्थ आले. बायकोच्या वाढदिवसाला भेट द्यायची होती आणि दुकानातलं सगळ्यात मोठं स्ट्रेटनर हवं होतं. ताईंच्या प्रश्नावर ते गोंधळले. मग मोबाइलमधला बायकोचा फोटो काढून दाखवायला लागले. ताईंनी फोटो नीट पाहिला, कौतुकानं मान हलवली आणि म्हणाल्या, "फोटोत सगल्यांचेच केस चांगले दिसतात. ज्या डोक्याला लावायचं हाय, ते डोकं घेऊन या. मी सात वाजेपर्यंत हाय."

गृहस्थ तणतणत निघून गेले. गल्ल्यावर बसलेल्या शेठनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, या बाईंचा आज नोकरीचा शेवटचा दिवस दिसतोय. पण सहा वाजता ते गृहस्थ परत आले, बायकोला घेऊन. ताईंनी तिला स्टुलावर बसवलं, केस मोकळे करायला लावले आणि एक बट चिमटीत धरून बोटांवर फिरवून पाहिली. रेशमासारखे बारीक केस, खांद्यापर्यंतचे. नवऱ्यानं सकाळी बोट दाखवलं होतं ते रुंद पट्टीचं जाडजूड मशीन. ताईंनी काढून दिलं त्याच्या निम्म्या आकाराचं, बोटभर पट्टीचं. रुंद पट्टी कमरेपर्यंतच्या दाट केसांना, मानेजवळ ती फिरवायला गेलात तर मान भाजेल, असं समजावून सांगितलं. खोक्यावर पेनानं दीडशे अंशांचा आकडा मोठ्ठा लिहिला आणि म्हणाल्या, "तुमच्या केसाला याच्या वर न्यायचं नाय. कुनी सांगितलं तरी नाय." बाई हसत गेल्या. नवरा मागून पिशवी धरून गेला.

ताई जासईच्या. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. ताईंचं शिक्षण नववीपर्यंत. दुकानात येण्याआधी उरणच्या एका पार्लरमध्ये त्यांनी आठ वर्षं काढली होती, सुरुवातीला केर काढायला आणि मग केस धुवायला. तिथेच बघत बघत त्या सगळं शिकल्या. पण केस कायमचे सरळ करायच्या औषधांच्या वाफेनं त्यांना खोकला लागला, तो हटेना. डॉक्टरांनी ते काम सोडायला सांगितलं. मग त्या आमच्या दुकानात आल्या आणि शेठनी त्यांना ट्रिमर, ड्रायर, स्ट्रेटनरच्या काउंटरवर उभं केलं. उंचीनं लहान, आवाज घोगरा, अंबाड्यात नेहमी अबोली. स्वतःच्या केसांना त्यांनी कधी पट्टी लावलेली मी पाहिली नाही, पण दुसऱ्या कुणी लावू नये असं मात्र त्यांचं कधीच म्हणणं नव्हतं.

हे मला माझ्याच अनुभवानं कळलं. माझे केस दाट कुरळे. शाळेपासून त्यावरून नाना नावं ऐकलेली. चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी मला ते सरळ करून हवे होते आणि ताईंना विचारायची भीती वाटत होती. आहेत तेच छान आहेत, असं काहीतरी ऐकावं लागेल असं वाटत होतं. ताई म्हणाल्या, "केस तुजं, मन तुजं. मी फक्त जालू देनार नाय." मग दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मला शिकवलं. केस आतून, अगदी मुळाजवळही कोरडे झाल्याशिवाय मशीनचं बटण दाबायचं नाही. "वल्या केसाला पट्टी लावली की चर्र आवाज येतो ना, तो पान्याचा नाय, केसाचा हाय." तेल लावलेल्या केसांनाही हात लावायचा नाही. उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे आधी मारायचा आणि तो सुकू द्यायचा. बोटभर रुंदीच्या बटा करायच्या, पट्टी मुळापासून दोन बोटं खाली धरायची आणि सावकाश, न थांबता टोकापर्यंत न्यायची. एकाच बटेवरून चार-चारदा फिरवणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. "एकदाच, पन मन लावून," असं म्हणत त्यांनी माझा हात आपल्या हातात धरून पहिली बट सरळ केली. साखरपुड्यात मी मिरवले. दोन दिवसांनी केस धुतले आणि ते पुन्हा जसेच्या तसे कुरळे झाले. एकही केस तुटला नव्हता.

नवीन माल आला की ताई प्रत्येक खोक्यातलं मशीन तपासत. सुती ओढणीचा काठ पट्टीतून ओढून बघत. धागा अडकला तर केसही अडकणार. मग मशीन सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून तापवत, पट्टीत पांढरा पातळ कागद धरत आणि मनात दहा आकडे मोजत. कागद पांढरा निघाला तर मशीन कपाटात.

लग्नसराईच्या तोंडावर शेठनी एका ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून स्ट्रेटनरचा मोठा माल उचलला. खोकी चकचकीत, उष्णतेची पाच बटणं. ताईंनी पहिल्या मशीनमधून कागद काढला तो चहाच्या रंगाचा. दुसऱ्यातूनही तसाच. बटणं पाच होती, पण कुठलंही दाबलं तरी पट्टी सारखीच भडकत होती. मी शेजारीच उभी होते. ताईंनी जाऊन शेठना सांगितलं. शेठचं म्हणणं, नवीन मशीन पहिल्यांदा तापतंच, आणि व्यापारी वीस वर्षांच्या ओळखीतला आहे. ताई म्हणाल्या की हे आपण विकणार नाही. शेठ म्हणाले, मग उद्यापासून तुम्ही मिक्सर विका.

ताईंनी आपला कंगवा उचलला आणि त्या खरोखरच मिक्सरच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या जागी शेठनी मला बसवलं.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. माझे वडील कळंबोलीच्या लोखंडबाजारात माल चढवायचे आणि त्या वर्षी पाठ धरल्यानं घरी बसून होते. माझ्या पगारावर घर चाललं होतं. आठवडाभरात त्या मालातली सात मशिनं मी विकली. त्यातलं एक साक्षीनं घेतलं. साक्षी विशीतली, विमानतळात जमीन गेलेल्या गावातली. नवीन विमानतळ सुरू व्हायचा होता, ठिकठिकाणी भरती चालू होती आणि तिला एका विमान कंपनीच्या काउंटरवरच्या नोकरीसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. तिनं मला विचारलं, "ताई, हे केसांना चांगलं आहे ना?" मी हो म्हटलं.

चार दिवसांनी सकाळीच ती आईबरोबर दुकानात आली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. आईनं खोकं काउंटरवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "माज्या पोरीचे केस जालले तुमी. उद्या धा वाजता तिला बोलावलंय."

शेठ गल्ल्यावरून म्हणायला लागले की मशीन फार वेळ धरलं असणार, वापरायची पद्धत चुकली असणार. तोवर ताई मिक्सरकडून येऊन पोहोचल्या होत्या. त्यांनी आधी साक्षीची ओढणी सोडली. उजवीकडची पुढची बट कानाच्या वर तुटलेली होती आणि आजूबाजूचे केस काथ्यासारखे राठ झाले होते. साक्षी म्हणाली की तिनं सगळ्यात खालचं बटण दाबलं होतं.

ताईंनी ते मशीन प्लगला लावलं, खालचं बटण दाबलं आणि कोरा कागद शेठच्या हातात दिला. "शेठ, आता तुमीच धरा."

दुकानात सातआठ गिऱ्हाइकं होती, सगळी थांबली. शेठनी कागद धरला. दहा मोजून होण्याआधीच जळका वास सुटला. ताईंनी दुसरं खोकं फोडलं, मग तिसरं. तपकिरी कागद काउंटरवर एकाशेजारी एक पडत गेले. चौथ्या खोक्याला शेठनीच हात आडवा केला. ताई म्हणाल्या, "कागद खोटं बोलत नाय, शेठ. पोरगी पन खोटं बोलत नाय."

माझ्या तोंडून तेव्हा निघालं की हे मशीन मीच विकलं, आणि मला माहीत होतं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या साक्षीकडे वळल्या.

पुढचे दोन तास दुकानात एकही बिल फाटलं नाही. ताईंनी साक्षीला स्टुलावर बसवलं आणि खांद्यावर स्वच्छ टॉवेल टाकला. जळलेली टोकं नखभर, नखभर करत कापली. जास्त एकही केस जाऊ दिला नाही. उजवीकडचा भांग डावीकडे नेला. तुटलेल्या बटेला तिरपा आकार देऊन ती कपाळावरून कानाकडे वळवली, जणू हौसेनं तसे केस कापून घेतलेत. केसांवर हलका स्प्रे मारला, ड्रायरचा गार वारा दिला. मग कपाटातलं सगळ्यात अरुंद, आपल्या खात्रीचं मशीन काढून दीडशेवर ठेवलं आणि त्या आखूड केसांवरून एकदाच, टोकाशी किंचित आत वळवत फिरवलं. मिक्सर घ्यायला आलेली एक बाई पिना हातात धरून उभी राहिली. शेठनी सगळ्यांसाठी चहा मागवला. बाकीचे केस मागे घेऊन ताईंनी मानेवर नीट अंबाडा बांधला आणि साक्षीला आरसा दिला.

तोवर एकदाही न रडलेली साक्षी तेव्हा रडली. ताईंनी तिला डोळे पुसायला लावले, उद्या ते सुजलेले दिसतील म्हणून. मग अंबाडा सोडून टाकला आणि म्हणाल्या, "आता तू कर. उद्या सकाली मी तुज्यासंगं नसनार." पहिला अंबाडा वाकडा झाला, दुसरा सुटला. तिसरा जमला. तरी ताईंनी चौथ्यांदा करायला लावला.

त्या संध्याकाळी मी मिक्सरच्या काउंटरपाशी गेले. ताईंनी विचारलं, "तुला ठावं व्हतं. मग गप का बसलीस?" मी घरची परिस्थिती सांगितली, नोकरी जाईल अशी भीती वाटली असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"माज्याकडं पन दुसरी नोकरी नव्हती, मेघा," त्या म्हणाल्या.

त्यापलीकडे त्या प्रकरणाबद्दल त्या मला कधीही काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता मी उरलेल्या सहाही गिऱ्हाइकांना फोन लावले आणि मशिनं परत मागवली. शेठनी अख्खा माल व्यापाऱ्याकडे परत धाडला आणि फोनवर त्याच्याशी जे बोलले ते ऐकून हमालसुद्धा थांबले. मग ते स्वतः ताईंकडे गेले आणि त्यांना त्यांच्या काउंटरवर परत यायची विनंती केली. विनंती हाच शब्द त्यांनी वापरला.

पंधरा दिवसांनी साक्षी आली ती पेढे घेऊन. निवड झाली होती. तिच्या हातातलं पत्र ताईंनी माझ्याकडून वाचून घेतलं, इंग्रजी होतं म्हणून, आणि मग पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला लावलं, शेठना नीट ऐकू जावं म्हणून. साक्षीची आई काउंटरच्या आत शिरली आणि तिनं ताईंना मिठी मारली. त्यानंतर दुकानात नुसती रीघ लागली. आपल्या खराब मशिनांची गोष्ट गावभर होऊन दुकान बुडेल अशी शेठना धास्ती होती. झालं उलटंच. इथे एक बाई खराब माल विकू देत नाही, अशी ख्याती झाली. उरणहून, कळंबोलीहून बायका मुलींना घेऊन यायला लागल्या. शेठनी काउंटरमागे दिव्यांचा मोठा आरसा लावला. रविवारी सकाळी ताई मशीन कसं वापरायचं ते शिकवत, आणि मशीन आमच्याकडून घेतलंय की दुसरीकडून, हे कधीच विचारत नसत.

विमानतळावरच्या नोकऱ्यांसाठी मुलींना तयार करणाऱ्या उलव्याच्या एका संस्थेनं यंदा ताईंना शिकवायला बोलावलं. साक्षीनंच तिथे नाव सुचवलं होतं. नववी शिकलेल्या ताई आता पदवीधर मुलींच्या वर्गाला 'मॅडम' झाल्या. मुलाखतीत त्यांना तिथल्या साहेबांनी विचारलं होतं की शिकवण्याचा अनुभव किती. ताईंनी साहेबांच्या सहायक मुलीचे केस तिथल्या तिथे बांधून दाखवले आणि ते तिच्याकडूनही बांधून घेतले. नेमणूक त्याच दिवशी झाली.

ताईंच्या दुकानातल्या शेवटच्या दिवशी शेठ गल्ल्यावरून उठले. तीन वर्षांत मी त्यांना गिऱ्हाईक सोडायला रस्त्यापर्यंत जाताना पाहिलं नव्हतं. त्यांनी ताईंची पिशवी स्वतः उचलून रिक्षात ठेवली आणि रिक्षा उरण नाक्याकडे वळेपर्यंत उन्हात उभे राहिले. आत आले तेव्हा मला म्हणाले की त्या काउंटरवर आता तू बस. मी कॉम्प्युटर बंद करून निघाले, तर त्यांनी पुन्हा हाक मारली.

"आणि हे बघ, माझं काही चुकतंय असं वाटलं तर बोलायचं. सगळ्यांसमोर बोललीस तरी चालेल."

मी बरं म्हटलं. त्याच आठवड्यात मी दोनदा बोलले.