पोटावरचे पाच डाग

मुलगी पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसलं होतं. तिच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग नीट घडलाच नव्हता. तिथे फोडांसारख्या पोकळ्या होत्या. अमरावतीच्या सर्जन बाई म्हणाल्या होत्या, "सहा महिन्यांची झाली की दुर्बिणीतून तेवढा भाग काढू. छाती उघडायची गरज नाही."

ऑपरेशनची तारीख ठरवायला मी अमरावतीला गेले, तेव्हा मुलीला अकोल्यात, जुन्या शहरातल्या माहेरी, आईजवळ ठेवलं. संध्याकाळी परतले तर घरभर बिब्ब्याचा उग्र, करपट वास. मुलीचा रडून रडून आवाज बसलेला. झबलं वर केलं. पोटावर, डाव्या कुशीपर्यंत पाच काळे डाग, कडांना पाणी सुटलेलं. "हे काय केलं?" मी आईवर ओरडले.

"काहून ओरडून राहिली?" आई म्हणाली. "धाप लागून पोट उडून राह्यलं होतं लेकराचं. शेजारच्या मावशीनं बिब्ब्यात सुई खुपसून, तापवून डाग देल्ले. तुलेबी देल्ले होते लहानपणी."

ती भाजी निवडत होती. हात जराही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन पुन्हा अमरावतीला गेले. सर्जन बाईंनी डागांचं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "गरम पाणी सांडलं." आईची लाज झाकायला मी खोटं बोलले, आणि त्या क्षणी मला आईइतकीच स्वतःचीही किळस आली.

बाई डागांवर वाकल्या. "पाण्याचे डाग असे रांगेत पडत नाहीत."

दुर्बीण डाव्या कुशीतून, बरगड्यांमधूनच घालायची होती. तिथे जखम चिघळलेली, त्यामुळे ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं. त्या महिन्यात तिला न्यूमोनिया झाला. सुया टोचून टोचून हातावर शीर सापडेना.

शेवटी ऑपरेशन झालं. बरगड्यांमध्ये तीन बारीक छिद्रं, तीन दिवस छातीत नळी. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हा तिचं पोट संथपणे हलत होतं.

पुढे माहेरी गेले तर बाया बघायला जमलेल्या. आईनं माझ्यादेखत मुलीचं झबलं वर केलं आणि डागांवर बोट ठेवून सांगितलं, "हे देल्ले म्हणून वाचली. नायी तं डाक्टरच्या हाती काय होतं?"

बाया माना डोलावत होत्या. एकीनं तर नातवासाठी त्या मावशीचं घर कुठलं ते विचारलं.

मी मुलीला उचललं. "चहा तं घे," आई म्हणाली. तिच्या हातचं काही तोंडात घालवेना. मी ऑटो थांबवला आणि सरळ बसस्टँडवर गेले.