सुपडूचं इंजिन आणि माझी मोटर

सुपडू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका विहिरीच्या मोटरीचं वाइंडिंग भरत होतो. तारेचे फेरे तोंडातल्या तोंडात मोजायची माझी जुनी सवय. फोन त्याच्या पुतण्याचा, योगेशचा होता. "काका, आमचे तात्या गेले... सकाळी उठलेच नाहीत," एवढंच तो बोलला. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि पाहतो तर मोजणी कुठल्या कुठे गेलेली. भरलेली तार सगळी उलगडून टाकली, शटर ओढलं आणि दापोऱ्याला निघालो. आज त्या गोष्टीला काही आठवडे झाले. ती मोटर तशीच पडून आहे, आणि गिऱ्हाईक रोज येऊन शिव्या घालून जातं. घालू दे. घरी मी एकटाच असतो, तेवढंच कोणीतरी बोलतं.

सुपडू दापोऱ्याचा, केळीवाला. मी बुऱ्हाणपूरचा, मोटरी भरणारा. आमची गाठ पडली ती त्याच्या जळालेल्या पंपामुळे, आणि टिकली ती भांडणामुळे. भांडण एकच होतं, ते आम्ही आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं. सायकलला काय लावावं, पेट्रोलचं इंजिन की बॅटरीची मोटर? त्यानं फवारणीच्या जुन्या पंपाचं इंजिन काढून सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवलं होतं. खाली एक रोलर, तो टायरवर घासायचा आणि चाक फिरायचं. सायकल होती लेडीज, पुढून वाकलेल्या दांडीची. मिशाळ, धिप्पाड सुपडू त्या सायकलवर फटफट करत बुऱ्हाणपूरच्या बाजारात शिरला की लोक दुकानं सोडून बाहेर यायचे. त्याला त्याचं काही नसायचं, उलट तो हात वर करून सगळ्यांना रामराम घालायचा. मी त्याच सुमारास माझ्या सायकलच्या मागच्या चाकात मोटर बसवून घेतली होती, आणि खरं सांगायचं तर गावात माझंच नाव व्हावं अशी माझी इच्छा होती. ते नाव या फटफटीनं खाल्लं. मला राग आला. तो माझी सायकल पाहायला दुकानात आला, चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "भो, हे गाडी आहे की मांजर? येते कधी, जाते कधी, कायीच कळत नाही." मी म्हणालो, "आणि तुझी? गाडी आहे की मसाला दळायची चक्की?" झालं. शर्यत तिथेच ठरली.

पण शर्यत ठरवणं सोपं आणि नियम ठरवणं महाकठीण. त्याचं इंजिन सीसीत मोजायचं, माझी मोटर वॉटमध्ये. मोठं कोणाचं हे सांगायचं कसं? मी कागद घेऊन हिशेब मांडला. सुपडूनं तो पाहिलासुद्धा नाही. "तू लिहिशील आन मी मानीन, असं कसं? मले दिसलं पाहिजे." दिसलं पाहिजे म्हणजे काय, यावर आम्ही बरेच दिवस वाद घातला. शेवटी एकदा त्याच्या मळ्यात केळीची कापणी चालू होती, माणसं घड खांद्यावर आणून काट्याला लावत होती, आणि सुपडू एकदम उभा राहिला. म्हणाला, घड! ज्याचं यंत्र घडापेक्षा जड, तो बाद. इंजिन, टाकी आणि आतलं पेट्रोल एका वेळेला. माझी मोटर आणि बॅटरी दुसऱ्या वेळेला. समोर मात्र घड तोच. मळ्यातल्या कडुलिंबाच्या फांदीला आडवा बांबू टांगायचा, एका टोकाला घड, दुसऱ्या टोकाला आमचं यंत्र. बांबू यंत्राकडे झुकला की घरी जा. सीसी नको, वॉट नको. मला वाटतं जगात कुठेही मोटरीचा आकार केळीच्या घडानं ठरवला नसेल. आम्ही ठरवला, आणि मनापासून पाळला.

मनापासून म्हणजे अर्थात मनापासून लबाडी करून. नियम असा झाला की आदल्या साली जो हरला असेल त्यानं घड निवडायचा. मळा सुपडूचा, त्यामुळे मी निवडला तरी झाडं त्याच्या ओळखीची. माझ्या बॅटऱ्या तेव्हा शिशाच्या, धोंड्यासारख्या जड. एका साली सुपडूनं मला अडकवायला न भरलेला, बोटाएवढ्या केळ्यांचा कच्चा घड कापून आणला. माझी अर्धी बॅटरी काढून ठेवावी लागली. पण त्याचंही इंजिन त्या घडापुढे जड भरलं, त्याला छोटी टाकी लावावी लागली, आणि वर त्याच्या बायकोनं, मंगलावहिनींनी सगळ्यांसमोर त्याचा उद्धार केला तो वेगळाच. "शर्यतीपायी पोटचं पोर कापल्यावानी घड कापला या माणसानं!" सुपडू खाली मान घालून बोल्ट आवळत राहिला. मी हसलो, तशा त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कायले हसता अरुणभाऊ? तुमच्याच नादानं चाललंय हे." वहिनींचं खरं होतं. पुढे लिथियमची बॅटरी आली, माझं वजन एकदम उतरलं आणि घडाच्या वजनात मी मोठी मोटर बसवू लागलो. तेव्हा सुपडू नियमाच्या पलीकडे जाऊन चिडला. "घड तोच, मोटर दुप्पट, हा कोणता न्याय?" मी म्हणालो नियम तुझाच आहे. त्यावर तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही, आणि तिसऱ्या महिन्यात कुठूनसं एक मोपेडचं इंजिन घेऊन दुकानात आला, हे घडात बसेल का विचारायला!

सुरुवातीला आणखीही पोरं उतरायची, दापोऱ्याची, निंबोल्याची. मग कोणी मोटरसायकल घेतली, कोणी कंपनीतून आलेली तयार इलेक्ट्रिक सायकल घेतली, आणि तयार सायकल घेणाऱ्याला बोल्ट खोलून घडापुढे टांगायची लाज वाटू लागली. शेवटी राहिलो आम्ही दोघंच. केळीची गाडी भरून झाली, थंडी पडली की मी सकाळी दापोऱ्याला जायचो. अर्धा दिवस इंजिन खोलण्यात, तोलण्यात, भांडण्यात आणि पुन्हा बसवण्यात जायचा. शर्यत जेमतेम काही मिनिटांची, लिंबापासून शेतरस्त्यानं नाल्यापलीकडच्या पिंपळापर्यंत आणि परत. माझी सायकल मुकी, त्यामुळे मला कायम फक्त त्याचाच आवाज ऐकू यायचा. तो किती मागे आहे, इंजिन कुठे अडखळतंय, त्यानं कुठे जोर लावलाय, सगळं मला मागे न पाहता कळायचं. एका साली परतीच्या वाटेवर तो आवाज एकाएकी थांबला. घड हलका होता म्हणून पठ्ठ्यानं टाकीत पेट्रोल जेमतेम तळाला ठेवलं होतं. मला पुढे जायला मोकळं रान होतं... पण गेलो नाही. वळून मागे गेलो. सुपडू सायकल ढकलत येत होता, घामाघूम. "जिंकला ना? मग जाय ना पुढी," म्हणाला. मी उतरलो आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागलो. लिंब जवळ आला, आणि या माणसानं शेवटच्या क्षणाला आपली सायकल जोरात पुढे ढकलून दिली! पुढचं चाक आधी गेलं म्हणे. वहिनींनीसुद्धा त्याच्याच बाजूनं निकाल दिला.

आमच्यात कोण जास्त वेळा जिंकलं, हे आता सांगता येणार नाही, कारण त्यावरही आमचं एकमत नव्हतं. गेल्या थंडीत आम्ही शेवटचे भेटलो तेव्हा तो दमलेला वाटला. बोल्ट खोलताना मध्येच बसला. मी म्हणालो, आता सोड हे फटफट, तुझ्या सायकलला मोटर बसवून देतो, फुकटात. वर्षानुवर्षं मी त्याला हेच चिडवत आलो होतो. तो नेहमीसारखा शिवी देईल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यानं शिवी दिली, पण हळू आवाजात... मला ते आवडलं नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनींचा निरोप आला. गेलो. सायकल गोठ्याच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती. वहिनी सरळ मुद्द्यावर आल्या. "अरुणभाऊ, हे इंजिन काढून तुमची मोटर बसवा." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वहिनी म्हणाल्या, "मले शेतात जावं लागते, बँकेत जावं लागते. पोरगा इंदोरहून म्हणतो स्कूटी घे. मले स्कूटी नको. सायकल माही आहे, माहेरची. लग्नात आली. त्यांनी एक दिवसाकरता म्हणून घेतली नी तेव्हापासून दिलीच नाही. हे इंजिन माह्यानं सुरू होत नाही. पायडल मारून मारून गुडघे गेले." त्यांचं काही चुकत नव्हतं. सायकल त्यांची, गुडघे त्यांचे, शेतही आता त्यांनाच पाहायचं. पण माझ्या मनात काय चाललं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ते इंजिन त्या सायकलवर होतं तोवर पुढची थंडी येणार होती. कोणीतरी, योगेश म्हणा, एखादं आडदांड पोरगं म्हणा, त्यावर बसलं असतं, लिंबाला घड टांगला असता. ते एकदा उतरलं की शर्यतीत राहणार मी एकटा. मी म्हणालो, "वहिनी, योगेशला सुरू करायला सांगत जा ना सकाळी." त्या म्हणाल्या, "तो काय रोज येणार आहे? नी तुम्ही तरी येणार आहे का?"

पाना घेतला. तेच बोल्ट, दर थंडीत त्याच्याशी भांडत भांडत खोललेले. या वेळी एकही अडकला नाही. इंजिन उतरवलं तेव्हा टाकीत थोडं पेट्रोल हललं, त्यानंच भरलेलं. मी इंजिन तसंच मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो, आणि रडलो. वहिनी आत निघून गेल्या. मग दुकानातून मोटर आणून चाकात बसवली, चांगली बसवली, माझ्या स्वतःच्या सायकलला बसवली नसेल इतकी चांगली. सुपडू, तुला इतकी वर्षं म्हणत होतो ते अखेर झालं. जिंकलो म्हणायचं का? कोणाला म्हणायचं?

गेल्या आठवड्यात पुन्हा दापोऱ्याला गेलो, बॅटरी नीट चालतेय का पाहायला. घराला कुलूप होतं, म्हणून ओट्यावर बसलो. वहिनी शेतातून आल्या ते मला कळलंच नाही, एकदम समोर उभ्या. कुलूप उघडता उघडता म्हणाल्या, "ते नाल्यावरच्या फरशीच्या पुलावर आले की इथपर्यंत आवाज यायचा. मी तेव्हा चहा ठेवायची, दारात येईपर्यंत उकळायचा. आता मीच येते... घराले बी कळत नाही." त्यांनी दिलेला चहा प्यायलो आणि बुऱ्हाणपूरला परतलो.

आल्यावर सायकलीच्या दुकानातून एक मोठी पितळी घंटी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांच्या हँडलला लावली. मुकी गाडी, रस्त्यावर कोणी आडवं आलं तर वाजवायला बरी, एवढंच म्हणालो. काल योगेश दुकानात आला होता, तो सांगत होता. काकू घंटी रस्त्यावर कोणाला वाजवत नाहीत. नाल्याच्या फरशीवर आल्या की वाजवतात, घर येईपर्यंत वाजवत राहतात.