किनवटला सोडलं

गाडी थांबली, गर्दी उतरली आणि चष्मा न लावताच मी आरोळी ठोकली, "किनवट आलं, उतरा!" आम्ही तिघं उतरलो, गाडी गेली आणि मग पाटीवर हिमायतनगर दिसलं. माझ्या बायकोने, रूथने, माझ्याकडे पाहिलं. मी गाडीच्या शेपटाकडे पाहिलं.

तिसरे होते तिचे लातूरचे थोरले भाऊ, विल्सनदादा. आई-वडील गेल्यावर त्यांनी धाकट्या दानिएलला किनवटच्या वसतिगृहात सोडलं ते सोडलंच; सुट्टीतही आणायला गेले नाहीत. आता दानिएल तिथंच मास्तर आहे. नव्या घराच्या समर्पण-प्रार्थनेचं बोलावणं त्याने बहिणीला धाडलं, दादांना नाही. तरी दादा निघाले होते. आत घेतो की हाकलतो, हा प्रश्न लातूरपासून त्यांच्या तोंडावर होता.

पुढचा प्रवास जीपमधून, कोंबड्यांसकट. ड्रायव्हर म्हणाला, "काका, मांडी आखडा, अजून दोघं येऊन राहिले." मी मांडी आखडली, ती किनवटपर्यंत पुन्हा उलगडली नाही. बाहेर सागाचं जंगल असं दाटलेलं, की मान मोडेपर्यंत पाहावं. दादांनी एकदाही पाहिलं नाही.

पोचलो तर प्रार्थना चालू. पाळकसाहेब जुन्या करारातल्या योसेफाची गोष्ट सांगत होते. भावांनी त्याला कोरड्या आडात (अरुंद विहिरीत) टाकलं, मग विकलं. परमुलखात तो मोठा झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिलं. त्यांनी वाईट योजलं, देवाने त्यातून भलं केलं. दादा दाराशी, चपलांच्या ढिगात बसून ऐकत होते.

आमेन होताच मी मागच्या अंगणात मटणाच्या पातेल्याशी दानिएलला गाठलं. "दादा आलेत. काय सांगू?"

"त्याला मी कवाच (केव्हाच) सोडलंय, दाजी," तो रस्सा ढवळत म्हणाला.

मी तस्सा निरोप पोचवला. दादांनी पिशवी उचलली आणि रस्त्याला लागले.

"अहो, काय सांगितलंत?" रूथ धावत आली.

"सोडलंय म्हणाला."

"अगं बाई! आणि रोज प्रार्थनेत काय म्हणता हो तुम्ही?"

आमच्या प्रार्थनेत क्षमा करण्याला सोडणंच म्हणतात. मी ती रोज म्हणतो. ऐकत मात्र नसेन.

तोवर दानिएल पळीसकट, अनवाणी धावत सुटला होता. "ओ दादा! प्रार्थनेतलं सोडलं म्हनलो मी! टाकून दिलं न्हाई!"

गल्ली गोळा झाली. दादा रडत म्हणाले, "देवाचीच योजना होती रे, तुला इथं..."

"ते मी म्हणायचं, दादा. तू न्हाई."

खरंच की! गोष्टीतही ते आडात पडलेलाच म्हणतो, टाकणारे नाहीत.

"मग मी काय म्हणू?"

"चुकलो म्हण. अन् हात धू, भाकर वाळून चालली."

दादा "चुकलो" म्हणाले. मग दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली, की पळीतला रस्सा माझ्या सदऱ्यावर. तो सदरा मिरवतच मी अंबाडीची भाजी, मटण आणि मोजायला लाज वाटावी इतक्या भाकरी हाणल्या.

परतीच्या गाडीत दादा नव्हते. दानिएलने ठेवून घेतलं होतं. मी ऐटीत म्हणालो, "बघ, निरोप चुकवला म्हणूनच तो धावला. माझ्या चुकांतूनही देव भलं करतो."

"करतोच की," रूथ म्हणाली. "योसेफाच्या वाट्याला आड आला, माझ्या वाट्याला तुम्ही. दोघांचं शेवटी बरंच झालं."