“चक्कर आली म्हण”

बोलता बोलता काकू थांबायच्या, उजव्या हातानं कोटाचं बटण चाचपायच्या, तोंडात काही नसताना चघळल्यासारखं करायच्या आणि अर्ध्या मिनिटानं विचारायच्या, “हं, काय म्हणत होते मी?”

विसराळू माणसं तुमच्याही ओळखीची असतील. मी काकूंना त्यांच्यातच धरलं होतं.

इंग्लंडात वॉटफर्डला आम्ही शेजारी, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, एकाच ऑफिसात. रोज त्या मला गाडीतून न्यायच्या. काका गेल्यापासून त्यांचं सगळं त्या गाडीवर चालायचं: बाजार, देऊळ, लीड्सला मुलीकडे जाणं.

एका सकाळी राउंडअबाउटच्या गोल चौकात शिरताना त्यांचा हात स्टिअरिंगवरून सुटून बटणाकडे गेला. डोळे उघडे, पण समोरची लॉरी त्यांना दिसत नव्हती.

“काकू!”

मी हँडब्रेक ओढला. मागून हॉर्न सुरू झाले.

“अगं, ब्रेक कशाला ओढलास?” थोड्या वेळानं त्या माझ्यावरच चिडल्या.

बसची घंटासुद्धा दुसऱ्या कुणी वाजवावी म्हणून थांबणारी मी, पण त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीला फोन केला.

मुलीनं काकूंना जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जायला लावलं. मग आलेल्या हॉस्पिटलच्या पत्रात होतं, हा प्रकार प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला सोबत आणा. तोवर गाडी चालवू नका, असं जीपीनं बजावलं होतं. काकूंनी त्यात आपल्या मनानं ‘शक्यतो’ घातलं. “बसनं जाऊ या ना,” मी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मी सीटची कड धरून बसले.

कार पार्कमध्ये त्या म्हणाल्या, “चक्कर आली म्हण. नाश्ता केला नव्हता म्हण. माझं लायसन्स जाईल गं.”

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? काकू माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघून सगळं सांगितलं: बटण, चघळणं, लॉरी.

ते म्हणाले, प्रत्येक फिटमध्ये माणूस पडत नाही. काही फिट्स मेंदूच्या एकाच भागात सुरू होतात. डोळे उघडे राहतात, भान जातं. काही मुलं नुसती काही क्षण टक लावून बघत राहतात. नक्की प्रकार तपासण्यांनंतर कळेल, पण गाडी आजपासून बंद.

“फिट?” काकू मराठीतच कडाडल्या. “आमच्या गल्लीत एकाला यायची. धाडकन पडायचा, तोंडाला फेस, लोक नाकाला चप्पल लावायचे. माझ्या नाकाला लावली का कुणी?”

मी भाषांतर केलं. डॉक्टर चपलेपाशी थबकले. “चप्पल नको, प्लीज. अशा पडलेल्या माणसाला कुशीवर वळवा आणि फिट किती वेळ चालते ते घड्याळात बघा.”

बाहेर आल्यावर काकूंनी सवयीनं उजवीकडचं दार उघडलं. मग दार लावून डाव्या बाजूला गेल्या आणि गाडीच्या टपावरून किल्ली माझ्याकडे सरकवली. माझं लायसन्स तेव्हा तीन महिन्यांचं होतं.

अर्ध्या वाटेत एका सिग्नलला माझ्याकडून गाडी बंद पडली. दिवा हिरवा झाला, मागे रांग लागली, मी नुसतीच किल्ली फिरवत राहिले.

“क्लच पूर्ण दाब,” समोर बघतच काकू म्हणाल्या. “आता हळू सोड. हळू.”