वाढदिवस कुणी सांगितला? दोह्यातला एक संशयी आठवडा

"ये गं, पण ब्लॉगवर माझं खरं नाव टाकू नकोस," ग्लोरिया फोनवर म्हणाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा प्रवास नेहमीसारखा होणार नाही. ग्लोरिया म्हणजे माझी पुण्याच्या हॉस्टेलमधली रूममेट. माहेर वसईचं. नवरा नेल्सन दोह्यात एका हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे. ती घरी केक करते आणि परवाना काढून रीतसर ऑनलाइन विकते. कित्येक वर्षं "ये, ये" म्हणत होती. या जानेवारीत मी शिकवते त्या शाळेतून रजा मिळाली आणि मी सांगलीहून मुंबई, मुंबईहून दोहा अशी निघाले. (आणि हो, इथली सगळी नावं बदललेली आहेत.)

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबईहून थेट विमान चार तासांच्या आत पोचवतं. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे माझ्यावर विसंबू नका, सरकारी साइट बघा. जानेवारीत संध्याकाळी स्वेटर लागतो, हे मला खोटं वाटलं होतं. विमानतळावर सिमकार्ड लगेच मिळतं. पासपोर्ट, फोटो सगळं घेतात. तिथल्या मुलीने माझ्या पासपोर्टचा फोटो काढला तेव्हा मी मुकाट्याने हसले. आठवड्याच्या शेवटी काढला असता तर दहा प्रश्न विचारले असते.

ग्लोरियाचं घर दोह्यातल्या फरीज बिन ओमरान या भागात. खाली किराणा दुकान, लाँड्री आणि चहाची टपरी, वर तिसऱ्या मजल्यावर व्हॅनिलाचा वास. मी बॅग ठेवते न ठेवते तोच बेल वाजली. दारात तिशीची एक बाई. दोन गल्ल्या सोडून राहणारी मनाली, मूळची पुण्याची, ग्लोरियाची जुनी गिऱ्हाईक.

"ग्लोरिया, तुला एकच विचारते," ती चपलाही न काढता म्हणाली. "माझ्या मुलीचं नाव, तिला किती वर्षं होणार, आमचा फ्लॅट नंबर, हे तू कुणाला दिलंस?"

"कुणाला म्हणजे? केकसाठी तूच मला—"

"मला एका माणसाचा फोन आला. म्हणतो, मॅडम, तुमची आन्वी रविवारी पाच वर्षांची होतेय ना, बलून डेकोरेशन करून देऊ का? मी कधी बघितलेलं नाही त्या माणसाला! त्याला माझ्या पोरीचं नाव माहितेय, घर माहितेय!"

ग्लोरियाच्या हाताला मैदा होता. तो तिने कपाळाला पुसला आणि तिला कळलंही नाही.

मनाली गेल्यावर तिने सगळं सांगितलं. महिन्याभरात ही तिसरी तक्रार. आधीच्या दोघींना फोटोग्राफरचे आणि खेळण्यांच्या दुकानाचे फोन आले होते. तिघींनी केक हिच्याकडूनच घेतलेला. कतारमध्ये माणसाच्या वैयक्तिक माहितीच्या गोपनीयतेचा कायदा आहे, हे मला नेल्सनने जेवताना समजावलं. "गिऱ्हाइकाची माहिती कशाला घेतो ते सांगायचं, गरजेपुरतीच घ्यायची, आणि नीट सांभाळायची. लहान मुलांची तर जास्तच. दुकान घरातलं असलं तरी जबाबदारी आपलीच. उद्या कुणी तक्रार केली तर?" दंड होईल, की परवानाच जाईल, हे त्यालाही नक्की माहीत नव्हतं. त्यामुळे घरात सगळ्यांत वाईट तेच धरून चाललं होतं.

"माझा संशय दत्ताभाऊंवर आहे," ग्लोरिया म्हणाली.

दत्ताभाऊ कराडजवळच्या गावचे. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर, बायको-पोरं गावी. ग्लोरियाचे केक तेच पोचवत. पार्सलवर नाव, पत्ता, फोन. केकवर मुलाचं नाव आणि वय. पारदर्शक झाकण. वाचायला किती वेळ लागतो?

"पण मग तुझ्या ब्लॉगवर तू मागे माझ्या केकचे फोटो टाकले होतेस," ती एकदम माझ्याकडे वळली. "त्यात नावं होती?"

"ग्लोरिया! मी तुझ्याकडे चकल्या घेऊन आलेय!"

ती हसली, पण तिने माझा फोन मागून घेतला आणि ते फोटो मोठे करून बघितले. मला ते लागलं, हे कबूल करते. ग्लोरिया-नेल्सनच्या मुलीला, रियाला, मराठी सगळं समजतं पण ती उत्तर इंग्रजीत देते. ती सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, नाऊ यू आर बीइंग वियर्ड." कुणी तिला रागावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच मेट्रोने सूक वाकिफला गेले. मेट्रो चकाचक, दोन रियालचं तिकीट. सूक वाकिफ बघावाच असा आहे: केशराच्या आणि सुक्या लिंबांच्या राशी, हातगाड्या ढकलणारे म्हातारे हमाल, एका गल्लीत डोळ्यांवर टोपी घालून बसलेले ससाणे. करक, म्हणजे वेलदोड्याचा कडक दुधाचा चहा, एकदा घेतला की दिवसातून तीनदा प्यावासा वाटतो. पण आता माझं लक्ष भलतीकडेच होतं. अत्तराच्या दुकानात मी छोटी बाटली घेतली, तर विक्रेता म्हणाला, "मोबाइल नंबर, सिस्टर?" का? बिलासाठी. बिलाला नंबर कशाला? त्याने खांदे उडवले. रेस्टॉरंटच्या वायफायला ई-मेल हवा. टॅक्सीच्या अ‍ॅपला माझे कॉन्टॅक्ट हवेत. एरवी मी पटापट "हो" दाबते. त्या दिवशी प्रत्येक वेळी थांबले आणि निम्म्या गोष्टी न करताच परतले.

परतताना डोक्यात एक कल्पना आली. शाळेत दोन मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलंय असा संशय आला, तर आम्ही शिक्षक दोघांना थोडे वेगळे प्रश्न देतो. कुणाची चूक कुठून आली ते आपोआप दिसतं. मी ग्लोरियाला म्हटलं, "आपण एक खोटा वाढदिवस करू."

ग्लोरिया ऑर्डर घ्यायला मोबाइलमधलं एक फुकटचं अ‍ॅप वापरते. गिऱ्हाइकाने त्यात नाव, पत्ता, तारीख भरायची. त्यात आम्ही इरा नावाची मुलगी टाकली, वय सहा, पुढच्या शुक्रवारी वाढदिवस. दत्ताभाऊंना मात्र ग्लोरियाने तोंडी सांगितलं, "पुढच्या शुक्रवारी मीराचा केक आहे, सहा वर्षांची होतेय, नंबर लिहून घ्या." दोन्हीकडे नंबर एकच, माझ्या नव्या सिमचा. आता ज्या नावाने फोन येईल तिथून माहिती बाहेर जातेय.

"मीराच्याच नावाने येणार," ग्लोरिया म्हणाली. "मी तर बेकिंग करणाऱ्या दोन मैत्रिणींना सांगूनही टाकलं. म्हटलं, त्या माणसाला काम देऊ नका."

"फोन यायच्या आधीच?"

ती भांडी घासायला लागली.

आणि आता गंमत बघा. मला ज्या माणसाच्या गाडीतून फिरायचं ठरलं होतं, ते दत्ताभाऊच होते. आधीच ठरलेलं, रद्द केलं असतं तर त्यांना वास आला असता. त्यामुळे शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसून उत्तरेला अल खोरच्या दिशेने निघाले. रस्ता सरळ, रुंद, दोन्हीकडे सपाट पिवळट माळ. तासाभरात अल ठकिरा येतं. तिथे समुद्राच्या खाडीत खारफुटी आहे. वाळवंट बघून थकलेल्या डोळ्यांना तो हिरवा रंग खराच वाटत नाही. लाकडी पुलावरून चालत एका छोट्या बेटावर जाता येतं, पर्पल आयलंड म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी इथे समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग करत. ओहोटीच्या वेळी जा, पायांत जुनी चप्पल घाला, पाणी आणि खायला सोबत न्या. तिथे काही मिळत नाही.

दत्ताभाऊ पन्नाशीचे, बारीक, बोलायची हौस असलेले. "ताई, इथं फ्लेमिंगो येत्यात, जरा हळू चाला." त्यांनी मला पक्षी दाखवले. माझे फोटो काढले. मी मात्र पर्स खांद्यावरून काढली नाही. त्यांनी विचारलं, "किती दिवस हाय मुक्काम? ग्लोरियाताईंकडं लई ऑर्डरी हायत का?" प्रत्येक प्रश्नामागे मला दुसरा प्रश्न ऐकू येत होता.

पुलाच्या टोकाला ते थोडे लांब जाऊन फोनवर बोलू लागले. वारा माझ्या दिशेने होता.

"व्हय, शुक्रवारीच. सहा वर्षांची. नाव नीट लिहून घे, चुकवू नगंस. संध्याकाळच्या आत पोचलं पायजे. पैसे तुला पाठवतो."

शुक्रवार. सहा वर्षं. नाव लिहून घे. मी ग्लोरियाला मेसेज टाइप केला, "तूच बरोबर होतीस." पण माझ्या सिमला तिथे रेंज नव्हती, "पाठवता आला नाही" असं दिसलं.

परतताना गाडीत तेच बोलत होते. "सध्या काम कमी झालंय, ताई. दोन घरचं डिलिव्हरीचं काम एकदम बंद झालं. का, कळंना. काय चुकलं म्हणून इचारलं तर फोनच उचलंनात."

मला सगळं माहीत होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दोह्याच्या इमारती दिसू लागल्या आणि माझ्या नव्या सिमवर फोन आला. अनोळखी नंबर. पलीकडे गोड आवाजातला तरुण, इंग्रजीत.

"गुड आफ्टरनून मॅडम, इराची आई बोलताय का? इरा पुढच्या शुक्रवारी सहा वर्षांची होतेय, अभिनंदन! आमच्याकडे बलून आणि फोटो बूथचं पॅकेज—"

"कोण?" मी विचारलं. "नाव परत सांगा."

"इरा, मॅडम. आय-आर-ए."

"हे तुम्हाला कुठून मिळालं?"

"आमच्या पार्टनर लिस्टमधून, मॅडम." मी कसली लिस्ट, कुठलं अ‍ॅप, असं विचारेपर्यंत फोन कट.

मी शेजारी बघितलं. दत्ताभाऊ सिग्नलला थांबले होते, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरून. इरा हे नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"दत्ताभाऊ," मी म्हटलं, "मघाशी पुलावर फोनवर कुणाचा वाढदिवस होता?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आमच्या धाकटीचा! पुढल्या शुक्रवारी. मेव्हण्याला सांगत हुतो, तालुक्याच्या बेकरीतनं केक आण म्हणून. मागल्या वर्षी नाव चुकवलं हुतं त्यांनी, रडून गोंधळ घातला पोरीनं." त्यांनी सिग्नल सुटायच्या आत फोनवर फोटो दाखवला. दोन शेंड्या, पुढचा दात पडलेला.

मी "गोड आहे" म्हटलं. ग्लोरियाला न गेलेला तो मेसेज अजून फोनमध्ये पडून होता, मी तो पुसला.

त्या संध्याकाळी नेल्सनने अ‍ॅपच्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या. फुकट वापरणाऱ्यांच्या ऑर्डरींची माहिती "सहयोगी कंपन्यांना" देण्यात येईल, असं त्यात होतं. ग्लोरियाने दोन वर्षांपूर्वी संमती दिली होती. स्वतःची नव्हे, तर सगळ्या आयांची, त्यांना न विचारता. तिने अ‍ॅप बंद केलं, कंपनीला सगळी माहिती पुसायला लिहिलं आणि सरकारी विभागालाही स्वतःहून कळवलं. नेल्सन म्हणाला, "आपण सांगितलं तर निदान लपवलं नाही, एवढं तरी राहील."

मग ती एकेका आईला फोन करू लागली. मी बाजूला बसून होते. काहींनी समजून घेतलं. एकीने "खलास", म्हणजे अरबीत 'बस, संपलं', एवढंच म्हणून फोन ठेवला. मनालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "ठीक आहे," म्हणाली. तिच्या आवाजात ठीक काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दोह्यातल्याच अल मुंतझा भागात गेलो. मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीत दत्ताभाऊ चार जणांसोबत राहतात. त्यांनी आम्हाला वर नेलं नाही, खालच्या चहाच्या दुकानात बसवलं. ग्लोरियाने काहीही न झाकता सांगितलं: संशय, मीरा, आणि त्या दोन मैत्रिणींना काय सांगितलं तेही. "त्यांना मी कालच खरं काय ते कळवलंय. पण जे आधी झालं, ते मीच केलं. माफ करा, भाऊ."

त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हंजे मी त्या मीराच्या केकची वाट बघत हुतो," ते म्हणाले. "मोबाइलात लिहून बी ठेवलं हुतं, इसरू नये म्हणून."

ग्लोरिया रडायला लागली. ते कासावीस झाले, टिश्यू पुढे केला. "रडू नगा ताई. तुमच्या जागी कुणी बी घाबरलं असतं. पण आता तुमचं पार्सल नगं मला. तुमच्या दारात आलो की तुम्ही माझ्याकडं बघणार आणि मी तुमच्याकडं. नगंच ते." चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

मी सांगलीला परत आले त्याला आता दोन महिने होत आलेत. दोहा फिरायला उत्तम आहे, सुरक्षित आहे, बायकांनी एकटीने खुशाल जावं. पर्पल आयलंड चुकवू नका. माझ्या फोनमधल्या निम्म्या अ‍ॅप्सच्या परवानग्या मी काढून टाकल्या. उरलेल्या निम्म्यांशिवाय चालत नाही, म्हणून तशाच ठेवल्या. सरकारी विभागाकडून ग्लोरियाला अजून उत्तर नाही, आणि दारावरची बेल वाजली की ती दचकते. त्या दोघी मैत्रिणींनी दत्ताभाऊंना पुन्हा बोलावलं. एकीकडे ते जातात, दुसरीकडे नाही.

काल ग्लोरियाचा फोन आला. ऑर्डर आता ती फोनवरच घेते, आणि काम झालं की तपशील खोडून टाकते.

"मनालीने केक सांगितला," ती म्हणाली. "धाकट्याचा वाढदिवस आहे."

"अगं, छान की! मग?"

"मी विचारलं, नाव काय लिहू? तर म्हणाली, वर काही लिहू नकोस. पत्ता पण देणार नाही, नवरा येऊन घेऊन जाईल. आणि म्हणाली, सोबत एका छोट्या कोनमध्ये थोडं चॉकलेटचं आयसिंग भरून दे. नाव मी घरी लिहीन."

"दिलंस?"

"दोन कोन दिले. म्हटलं, पहिल्यांदा लिहिताना हात हलतो."