ओटीवरची दुपार

परवा कपाट आवरताना बाबांच्या काळ्या कोटातून डांबरगोळ्यांचा वास आला आणि अलिबागच्या घराची ओटी डोळ्यांपुढे उभी राहिली. बाबा वकील होते. स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण तालुक्यात कोण उभं राहणार आणि कोण अर्ज मागे घेऊन बसणार, हे बऱ्याचदा त्या ओटीवरच ठरायचं. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या, खाऱ्या वाऱ्याने दार आपटत होतं. मिठागरांकडच्या गावातल्या एका बाईने आमदारांच्या भावाविरुद्ध जिल्हा परिषदेचा अर्ज भरला होता. तो मागे घ्यायला लावा म्हणून आमदार स्वतः आले होते आणि त्यांनी तिलाही बोलावून घेतलं होतं. "वकीलसाहेब, तुमचा शब्द ती मोडणार न्हाय," ते म्हणाले. बाई उभीच होती. "माज्या नवऱ्याला तुमी सोडवलंत," ती बाबांना म्हणाली, "तुमी सांगाल तर मागं घेते." तिचे डोळे भरले होते. बाबा म्हणाले, "बाय, मी सांगणार नाही. तू उभी राहा." आमदार चहा न घेताच उठले. बाई हरली, आणि आमच्या दारात गाड्या यायच्या बंद झाल्या. "आजवर किती जणांना बसवलं मी," बाबा एकदाच म्हणाले होते. बाबा गेल्यापासून लोक त्या बाईची गोष्ट मला कौतुकाने सांगतात. मी ऐकून घेते, पण मनात येतात ती बसवलेली माणसं, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत.