पाच काड्या

बारामतीच्या मोबाइलच्या दुकानात मी कामाला होतो तेव्हा दारावर भलामोठा फलक होता: ‘जिथं तुम्ही, तिथं ५जी!’ गिऱ्हाईक विचारायचं, “पाच जी म्हंजे पाच काड्या का?” काड्या म्हणजे रेंजच्या. आम्ही खुशाल मान डोलवायचो. नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाई.

गावी, वरकुट्याला, अब्बांच्या हातात नवा फोन दिला, तेव्हा त्यांनीही हेच विचारलं. “व्हय,” म्हणालो. जिभेला सवयच लागली होती. आमच्या वस्तीवरून फोन लावायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. अब्बांनी दुसऱ्याच दिवशी टाकीची शिडी मोडली आणि तिच्या बांबूंचा घेवड्याला मांडव केला. पुढच्या सुट्टीला मी तो बघितला, हसलो आणि खरं सांगायचं टाळलं.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्याच सुट्टीत एका दुपारी, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं. अम्मी तिच्या उशाशी होती. अब्बा अंगणात उभे राहून रुग्णवाहिकेला फोन लावत होते. लागायचा, तुटायचा.

“लागंल. पाच जी दावतंय न्हवं!”

फोन दाखवत होता खरं. त्या आकड्याशेजारी काडी मात्र एकच, तीही येऊन-जाऊन. आतून बहीण ओरडली.

“अब्बा, त्या आकड्याला काय अर्थ न्हाय. टाकीवरच जावं लागंल.”

त्यांनी मांडवाकडं बघितलं. मग फोन माझ्या खिशात घातला आणि टाकीला हात टेकून वाकले. “चढ.”

चपला काढायचंही सुचलं नाही. त्यांच्या खांद्यांवर उभा राहून मी टाकीची कड धरली आणि कसाबसा वर गेलो. फोन लागला. पत्ता दोनदा सांगितला.

“इंदापुरातनं गाडी निघाली!” मी खाली ओरडलो.

अब्बा खांद्यावरची माती झटकत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, “तुला आधीच ठावं हुतं?”

“व्हय.” मरणाची लाज वाटली.

“मग उतरू नगं. डायवरला रस्ता घावला न्हाय तर तुला परत चढवायची ताकद न्हाय माझ्यात.”

गाडी वेळेत आली. बहीण आणि भाची सुखरूप घरी आल्या. त्याच आठवड्यात अब्बांनी टाकीला लोखंडी शिडी बसवली, तळाशी सिमेंट ओतून. फोनमधलं काही अडलं तर ते आता शेजाऱ्याला विचारतात.